बदलापुरात घर घेण्यापूर्वी

दादरचे भाड्याचे घर सोडून बदलापुरात सदनिका घ्यायची असेल, तर किमतीइतकाच वेळेचाही हिशेब मांडा, ही माझी कळकळीची विनंती आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तेथून सुमारे ६८ किलोमीटर असल्याने फोर्टमधील नोकरीसाठी रोजचे जवळजवळ तीन तास लोकलमध्येच जातात, आणि कल्याणच्या पुढे गाड्या विरळ असल्याने एक चुकली की पुढचा सारा दिवस विस्कटतो. माझ्या मुलांचे बालपण मी बहुतेक रविवारीच पाहिले, याची खंत आजही आहे. टोकन देण्यापूर्वी महिनाभर तेथून गर्दीच्या वेळी प्रवास करून पाहा. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती; त्यामुळे इमारतीची जागा भर पावसाळ्यात पाहावी.