बाळंतपणानंतरची जळजळ: टाक्यांची की आतली?

‘लघवीला जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. टाक्यांमुळेच असेल ना? आणि गोळ्या घेतल्या तर बाळाला पाजणं बंद करावं लागेल का?’ बाळंतिणींकडून हे दोन प्रश्न मला नेहमी जोडीनेच येतात. दुसऱ्याच्या भीतीपोटी पहिल्याचा उलगडाच होत नाही, म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. नाव बदललंय, मेधा म्हणू.

मेधा पहिलटकरीण. सासर पुण्याला, बाळंतपणाला माहेरी, इंदूरच्या सुदामा नगरात आलेली. मे महिना, खिडक्या बंद, कानाला रुमाल, सकाळ-संध्याकाळ शेक-शेगडी. उशाशी तांब्याचा लहान गडू, त्यात सकाळचं पाणी दुपारपर्यंत अर्धं शिल्लक. आजी म्हणाल्या, ‘बाळंतिणीने पाणी ढोसू नये, पोट सुटतं.’ जळजळीला त्यांनी ‘उन्हाळी लागलीय’ म्हटलं होतं, आणि आईने मेडिकलमधून लघवीचं सिरप आणलं होतं. दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच.

मी सगळ्यांना विचारते तेच तिला विचारलं: नेमकं कुठे जळतं, आणि कधी? टाक्यांची जळजळ बाहेरची असते. लघवी जखमेला लागली की चुरचुरतं, वरून कोमट पाणी ओतत लघवी केली की सुसह्य होतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. मेधाचं तसं नव्हतं. धार संपता संपता आतून कळ यायची, उठली की दहा मिनिटांत पुन्हा जावंसं वाटायचं, चार थेंब आले की बस. ओटीपोट दुखायचं, लघवी गढूळ. ही लक्षणं संसर्गाची. सिरपने लघवीचा आंबटपणा कमी होतो म्हणून आग शमते, जंतू मात्र तिथेच राहतात.

तिला हे व्हायला कारणंही होती. कळा कमी करायला पाठीत इंजेक्शन दिलं होतं, मग लघवी होईना म्हणून नळी घातली होती. नळीवाटे जंतू मूत्राशयापर्यंत पोचू शकतात. बाळंतपणाच्या ताणाने मूत्राशयही काही दिवस सुस्तावतं, भरलं तरी कळत नाही, रिकामं होताना थोडी लघवी आत राहते, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्यात ही दुखेल म्हणून तासन्‌तास रोखून धरायची आणि जावं लागू नये म्हणून पाणी टाळायची. मालव्यातल्या मे महिन्यात, शेगडीशेजारी!

तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीची एक गोष्ट घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. अंगावरून जात असताना नमुना द्यायचा तर जागा पाण्याने धुऊन, स्वच्छ कापूस लावून, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी डबीत घ्यायची. नाहीतर बाहेरचं रक्त त्यात मिसळतं आणि रिपोर्ट गोंधळाचा येतो. कल्चरसाठीचा, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि त्यांच्यावर कुठलं औषध चालेल ते पाहायचा, नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यावा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर गोळी सुरू करतात, नंतर गरज पडली तर बदलतात.

आता पाजण्याचं. या संसर्गावर दिल्या जाणाऱ्या बऱ्याच अँटिबायोटिक्स, उदाहरणार्थ सेफॅलेक्सिन, घेताना अंगावर पाजता येतं. नायट्रोफ्युरँटॉइनसारखं औषध मात्र बाळ महिन्याच्या आतलं असेल तर शक्यतो टाळतात. म्हणून बाळ किती दिवसांचं, त्याला कावीळ आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. घरात उरलेली जुनी स्ट्रिप काढून खायची नाही. बाळाला शी थोडी पातळ झाली तर डॉक्टरांना कळवायचं, घाबरून पाजणं तोडायचं नाही.

पाण्यावरून आजींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. धने-जिरे उकळून गाळलेलं कोमट पाणी चालेल का, एवढंच विचारलं. ते त्यांना लगेच पटलं, दर पाजण्याच्या वेळी स्वतःच पेला भरून द्यायला लागल्या. बाकी नियम साधे: लागो न लागो, दोन-तीन तासांनी लघवीला जायचं, शेवटी जरा थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, पॅड चार तासांनी बदलायचं, पुढून मागे पुसायचं. शेगडी बंद करा असं मी स्पष्ट सांगितलं. त्यावर आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मेधाला ताप नव्हता, हे नशीब. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, हुडहुडी भरली, कुशीत किंवा पाठीत दुखलं, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. ‘दूध दाटलं म्हणून ताप’ असं म्हणत रात्र काढू नका, तेव्हाच दवाखाना गाठा. प्रसूतीनंतर किंवा नळी काढल्यावर सहा तासांत लघवीच झाली नाही तरी तसंच.

गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांत तिची जळजळ थांबली. आईला वाटलं, आता उरलेल्या कशाला? तो कोर्स तिने पूर्ण केला. नंतर एकदा लाजत विचारलं, शिंकलं की थेंब गळतात, हेही इन्फेक्शनच का? नव्हे, ते ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणाऱ्या स्नायूंचं ढिलेपण. त्याचे व्यायाम तिला शिकवले, आणि सहा आठवड्यांच्या तपासणीला हे डॉक्टरांना न लाजता सांग म्हटलं.