पानात काय वाढायचे हे आपले, किती खायचे हे मुलाचे

या वेळी आलेल्या पत्रांत लहान मुलांच्या जेवणाविषयीची पत्रे सर्वाधिक होती. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्न येथे थोडक्यात दिले आहेत. उत्तरे निरोगी मुलांना समोर ठेवून लिहिली आहेत. ज्या मुलांना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी, दीर्घकाळचा आजार किंवा गिळण्याची अडचण आहे, त्यांच्या पालकांनी आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच चालावे.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षात तो सगळे आवडीने खात असे. आता दोन घास झाले की तोंड घट्ट मिटून घेतो आणि भाजीला तर हातही लावत नाही. मोबाइलवर काही लावून दिले तरच भरवता येते, आणि तरीही एका जेवणाला तासभर जातो. त्याचे पोषण कसे व्हायचे?

उत्तर : आपल्या मुलाची भूक कमी झाली आहे, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे, मात्र ती बिघडली आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळाचे वजन साधारण तिप्पट होते. दोन ते पाच वर्षांच्या काळात मात्र ते वर्षाला जेमतेम दोन किलोंनी वाढते. वाढीचा वेग इतका उतरल्यावर शरीराची अन्नाची मागणीही त्या मानाने उतरते, आणि पहिल्या वर्षातली भूक मनात धरून बसलेल्या पालकांना मूल उपाशी राहते आहे असे वाटू लागते. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी पदार्थांविषयीची धास्तीही सर्वाधिक असते. कालपर्यंत खाल्लेली भाजी आज वेगळी चिरलेली दिसली, तरी ती मुलाला परकी वाटू शकते.

या वयात पालकांना उपयोगी पडेल अशी कामाची वाटणी अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडली आहे आणि मला ती मनापासून पटते. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे हे पालकांनी ठरवावे. वाढलेल्यापैकी काय खायचे आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. बहुतेक घरांत नेमके उलटे घडते. मुलाने नाक मुरडले की आई स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या आवडीचे दुसरे काही करून आणते, म्हणजे काय वाढायचे हे मूल ठरवते, आणि मग ते शेवटच्या घासापर्यंत भरवते, म्हणजे किती खायचे हे आई ठरवते.

मुलावर असे सोपवले तर ते फक्त गोडच खाईल, ही भीती अनेक पत्रांत आहे. अमेरिकेतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून काही वर्षे केलेला एक प्रयोग या संदर्भात समजून घेण्यासारखा आहे. नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या बाळांसमोर त्यांनी निरनिराळे साधे पदार्थ मांडले आणि काय व किती खायचे हे पूर्णपणे बाळांवर सोपवले. मुलांची एकेक जेवणे फार विचित्र होत असत. कधी एकाच पदार्थावर ताव, तर कधी त्याच पदार्थाकडे पाठ. तरीही मुलांची वाढ उत्तम झाली. या प्रयोगाचे मर्म मात्र मांडणीत होते, आणि ते विसरून चालणार नाही. समोर फळे, भाज्या, धान्ये, अंडी, मांस, दूध असेच पदार्थ होते. साखर घातलेले काहीही नव्हते. निवड मुलांची होती, पण कशातून निवडायचे हे मोठ्यांनी आधीच ठरवले होते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. दिवसात तीन जेवणे आणि मधली दोन खाणी यांच्या वेळा ठरवा आणि त्यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवा. त्या मधल्या वेळात पाण्याशिवाय काही देऊ नका, कारण एक बिस्किट आणि अर्धा पेला दूधही या वयात पुढच्या जेवणाची भूक मारते. घरात शिजलेलेच मुलाच्या पानात वाढा, फक्त त्यात एक तरी पदार्थ असा असू द्या की जो ते सहसा खाते. भाजी एका चमच्याएवढीच वाढा. ती तशीच राहिली तर काही न बोलता पान उचला आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाढा. नवा पदार्थ आपलासा व्हायला आठ ते पंधरा वेळा तो समोर यावा लागतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. बहुतेक पालक तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर “याला हे आवडत नाही” असा निकाल देऊन मोकळे होतात. भाजीला नुसते बोट लावणे, ती हुंगणे, चाखून थुंकणे हीसुद्धा ओळख वाढण्याचीच लक्षणे आहेत. वीस ते तीस मिनिटांत जेवण संपवा आणि शक्य असेल तेव्हा मुलाबरोबर आपणही तेच जेवा.

मोबाइल बंद करावाच लागेल. पडद्याकडे पाहत असलेल्या मुलाला तोंडात काय आहे याचे भान राहत नाही, आणि पोट भरल्याची जाणीवही त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पहिले काही दिवस ते रडेल, कमी खाईल. तेवढे दिवस घरातील सर्वांनी एकमताने काढावेत. वजन वाढायचे थांबले किंवा घटले, खाताना वारंवार ठसका लागू लागला किंवा उलटी होऊ लागली, अथवा खाण्यातले पदार्थ महिन्यागणिक कमी होत मोजक्याच गोष्टींवर येऊन ठेपले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमची दोन वर्षांची मुलगी जेवत नाही, पण दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध बाटलीने पिते. दुधात सगळे असते म्हणून आम्ही निश्चिंत होतो. अलीकडे ती फिकट दिसते.

उत्तर : दुधात पुष्कळ काही असते, परंतु लोह जवळजवळ नसते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज साधारण ७ मिलिग्रॅम लोहाची गरज असते, आणि लिटरभर दुधाने भरलेल्या पोटात ते लोह देणाऱ्या अन्नाला जागाच उरत नाही. फिकटपणाकडे दुर्लक्ष न करता तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि लोहाचे औषध द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत आणा आणि ते जेवणाच्या आधी न देता जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर द्या. बाटली बंद करून पेला द्या. या वयात बाटली सुटलेली असायला हवी, आणि रात्री बाटली तोंडात घेऊन झोपण्याने दात किडतात ते वेगळेच. डाळी, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, अंडे आणि आपल्याकडे खात असल्यास मांस-मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. वनस्पतिजन्य पदार्थांतील लोह शरीराला कमी प्रमाणात मिळते, पण त्यांच्याबरोबर लिंबू, टोमॅटो किंवा संत्रे असे क जीवनसत्त्व असलेले काही दिले तर ते अधिक शोषले जाते. चहाने नेमका उलटा परिणाम होतो, म्हणून लहान मुलांना चहा देऊ नये.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि आठवड्यातून एक-दोनदा बाहेर जेवतो. चार आणि सहा वर्षांची आमची मुले हॉटेलात तळलेले बटाटे आणि शीतपेय यांशिवाय काही मागतच नाहीत. बाहेर जाणेच बंद करावे का?

उत्तर : बाहेर जाणे बंद करण्याची काहीच गरज नाही. मुलांनी नवे पदार्थ पाहावेत, मोठ्यांच्या पंगतीत बसून कसे जेवायचे ते शिकावे, यासाठी ही चांगली संधी असते. मात्र महिन्यातून एकदा बाहेर जाणाऱ्या कुटुंबाने त्या जेवणाची चिंता करू नये आणि आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या कुटुंबाने ते अपवादाचे जेवण मानू नये. इतक्या वेळा घडते ते मुलांच्या नेहमीच्या आहाराचाच भाग असते.

माझा पहिला आग्रह असा आहे की, मुलांसाठी म्हणून छापलेला वेगळा मेनू शक्यतो बाजूला ठेवावा. त्यात बहुधा तळलेले, चीज घातलेले आणि गोड असेच पदार्थ असतात, आणि मुले यापलीकडे काही खात नाहीत ही समजूत मुलांच्याही मनात रुजते. मोठ्यांच्या मेनूतून दोन-तीन पदार्थ सर्वांसाठी मागवा आणि मुलांना त्यांतलेच थोडे वाढा. तिखट आणि मीठ कमी ठेवा, सॉस वेगळा द्या, असे सांगायला संकोच करू नका. भाजलेले, वाफवलेले किंवा रस्सेदार पदार्थ तळलेल्यांपेक्षा बरे. मिठाचा मुद्दा मी मुद्दाम काढते आहे. ब्रिटनमधील अधिकृत शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाला ३ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ जाऊ नये, आणि हॉटेलातल्या एकाच खारट पदार्थाने ही मर्यादा सहज गाठली जाते.

शीतपेयाबाबत मात्र मी सवलत देणार नाही. ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे आठ-नऊ चमचे साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने दोन वर्षांवरील मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅम सांगितली आहे. टेबलावर पाणी असावे, आणि ते मोठ्यांच्याही पेल्यात असावे. आई-वडिलांनी शीतपेय पीत मुलांना पाणी प्यायला सांगणे मुलांना अन्यायाचे वाटते आणि ते योग्यच आहे.

तळलेले बटाटे पूर्णपणे नाकारले तर संपूर्ण जेवणभर तोच एक विषय होऊन बसेल. एक प्लेट सर्वांमध्ये घ्या आणि ती जेवणाआधी न आणता जेवणाबरोबरच आणायला सांगा. पदार्थ यायला वेळ लागतो आणि भुकेजलेले मूल समोर येईल त्यावर पोट भरते, म्हणून नेहमीच्या जेवणाच्या वेळेलाच पोहोचा, मुलांचे पदार्थ आधी आणायला सांगा आणि वाट पाहताना काकडी, गाजर किंवा फळ मिळत असेल तर ते मागवा. कागद आणि रंगीत पेन्सिली बरोबर असतील तर मोबाइलची आठवण कमी होते. दोन पदार्थांपैकी कोणता मागवायचा हे मुलांना ठरवू द्या. स्वतः निवडलेला पदार्थ ती जास्त मनाने खातात.

प्रश्न : मी आजोबा आहे. “पोळी-भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन” असे सांगितले की पाच वर्षांची नात पटकन जेवते. सूनबाईंना हे पसंत नाही. यात खरोखर काही गैर आहे का?

उत्तर : आपला हेतू मायेचा आहे, तरी या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे मला योग्य वाटते. लिअॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात, एखादे नवे पेय पिण्याबद्दल मुलांना बक्षीस दिले, तेव्हा त्या पेयाची आवड वाढण्याऐवजी कमी झाली. ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, असा सरळ हिशेब मूल करते. भाजी ही सोसायची गोष्ट ठरते आणि चॉकलेटची किंमत वाढते.

याचा अर्थ डबा कुलपात ठेवावा असाही नाही. डोळ्यांसमोर असूनही मिळू न दिलेल्या खाऊकडे मुले अधिकच ओढली जातात, हेही त्याच संशोधकांच्या पुढच्या कामात दिसले. चॉकलेट रोज घरात असू नये. जेव्हा आणाल तेव्हा त्याचा छोटा तुकडा कोणतीही अट न घालता जेवणाबरोबरच पानात वाढावा. काही वेळा नात तो आधी खाईल, खाऊ द्यावा. आणि तिचे लाड करण्यासाठी आजोबांपाशी खाण्यापलीकडेही पुष्कळ काही असते: बरोबर बाजारात जाणे, तिला फळे निवडू देणे, तिच्याकडून वाटाणे सोलून घेणे. स्वतः सोललेले वाटाणे मूल आनंदाने खाते.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचे आहे. आमच्या ताटातले त्याला काय देता येईल आणि काय टाळावे?

उत्तर : सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा वरचे अन्न आणि त्यासोबत अंगावरचे दूध, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरचे बहुतेक पदार्थ मऊ शिजवून आणि कुस्करून देता येतात. फक्त मीठ-साखर घालण्यापूर्वी बाळाचा वाटा बाजूला काढा. मध एक वर्षापर्यंत बोटभरही देऊ नका, कारण त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. अख्खे दाणे आणि सुका मेवा पाच वर्षांपर्यंत देऊ नये, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षे मोठ्या मुलांनाही उभी चिरून, चार फाका करूनच द्यावीत.

प्रश्न : “शंभर टक्के फळांचा रस” असे लिहिलेला डबा रोज दिला तर चालेल ना? फळ खायला आमची मुलगी कंटाळते.

उत्तर : रोज देऊ नये. फळ चावून खाताना जी साखर सावकाश आणि चोथ्यासह पोटात जाते, ती रसातून एका दमात जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रसातील साखरेची गणना वरून घातलेल्या साखरेबरोबरच करते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या शिफारशीनुसार वर्षाच्या आतील बाळाला रस देऊच नये आणि एक ते तीन वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलिलिटर द्यावा. डबा घेताना पुढच्या चित्रांऐवजी मागची बारीक अक्षरे वाचा. घटक बहुधा वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, तेव्हा पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा डेक्स्ट्रोज दिसले तर तो पदार्थ परत ठेवा. सोडियमचा आकडा दिला असेल तर त्याला अडीचने गुणल्यास मिठाचे प्रमाण कळते.

प्रश्न : हॉटेलातून बांधून आणलेले उरलेले अन्न मुलांना दुसऱ्या दिवशी द्यावे का?

उत्तर : शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिले असेल तर देऊ नये, आणि त्या दोन तासांत टेबलावरचा व प्रवासातला वेळही धरावा. त्याआधी ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली असलेल्या फ्रिजमध्ये गेले असेल, तर दुसऱ्या दिवशी एकदाच, आतपर्यंत वाफाळेल इतके गरम करून द्यावे. मुलाच्या ताटातले उष्टे उरलेले मात्र ठेवू नये.