भावाला किडनी द्यायला मी तयार आहे, पण नवरा आणि सासूबाई घाबरल्या आहेत. त्यांना कसं समजावू?

तुमच्या प्रश्नातला घाबरलेला नवरा सहा वर्षांपूर्वी मी होतो. माझ्या बायकोनं तिच्या धाकट्या भावाला किडनी दिली, आणि त्याआधी महिनाभर मी घरात कुणाशी धड बोलत नव्हतो. त्यामुळे हे उत्तर तुमच्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त आहे. वाटलं तर मोबाइलच त्यांच्या हातात द्या.

मेहुण्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पाणी पेल्यानं मोजून. सासूबाई पहिल्याच दिवशी पुढे आल्या. रक्तगट जुळला, ओ, पण तपासणीत त्यांना साखर निघाली. डॉक्टर नाही म्हणाले तेव्हा त्या जेवढ्या रडल्या, तेवढ्या मुलाचा आजार कळल्यावरही रडल्या नव्हत्या. त्याच्या बायकोचा गट बी. राहिली ही. तेव्हा माझ्या मनात आलं ते लिहायची लाज वाटते: लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, ही तिथली की इथली? हिला काही झालं तर दोन पोरांचं कोण करणार? तोंडानं मात्र म्हणालो, "तुझा निर्णय." सगळ्यात वाईट वागलो ते तिथे. पुढे काही बिनसलं तर दोषही तुझाच, हा त्यातला अर्थ तिला बरोबर कळला होता.

माझी भीती कुणाच्या समजावण्यानं गेली नाही, तपासण्यांना सोबत गेल्यामुळे गेली. मला वाटायचं, डॉक्टर पेशंटच्या बाजूचे, ते दात्याला कसंही करून बसवणार. निघालं उलटं. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनीचं काम मंदावलं की तो वाढतो), लघवीतली प्रथिनं, हृदयाची तपासणी, डीटीपीए स्कॅन (कोणती किडनी किती काम करते ते त्यात दिसतं), सीटी अँजिओ (किडनीच्या रक्तवाहिन्या बघायला)... प्रत्येक टप्प्यावर ते हिला नापास करायचं कारण शोधत होते. सहसा डावी किडनी काढतात, कारण तिची शीर लांब असते, जोडायला सोपं जातं. पण दोन्हींत फरक असेल तर चांगली दात्याकडेच ठेवतात. हे वाक्य ऐकलं आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा खुर्चीला नीट टेकलो.

तुमच्या सासूबाईंना पडला असेल असा प्रश्न, "एका किडनीवर कसं निभणार?", तो माझ्या आईनंही विचारला होता. उरलेली किडनी काम वाढवते; दोघी मिळून जेवढं करत होत्या त्याच्या साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत ती एकटी पोचते. हिचं क्रिएटिनिन आधी ०.७ होतं, आता १.० वर थांबलंय. जोखीमच नाही असं कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. शस्त्रक्रियेत दाता दगावणं फार दुर्मीळ आहे, दहा हजारांत तिघांहून जास्त नाही. पण पुढे रक्तदाब वाढू शकतो, वर्षातून एकदा तपासणी जन्माची लागते, आणि डोकं दुखलं की मेडिकलमधून कुठलीही वेदनाशामक गोळी आणून खायची सवय सोडावी लागते. तुम्हाला आणखी मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात रक्तदाबाचा धोका थोडा वाढतो.

कायद्याचं थोडक्यात. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात सख्खी बहीण जवळच्या नात्यात येते, त्यामुळे तुमचं काम त्या मानानं सोपं. जन्मदाखले, रेशन कार्ड, लहानपणचे एकत्र फोटो आत्तापासून शोधायला लागा. आमचा अर्धा महिना त्यातच गेला. नवऱ्याची सही हॉस्पिटलं मागतात, पण कायद्यात ती अट नाही. वडिलांना किडनी देऊ पाहणाऱ्या एका मुलीच्या प्रकरणात २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. तरी हा मुद्दा घरात भांडणात वापरू नका. सही मिळेल, माणूस तुटेल.

आता मला खरं हलवलं ते सांगतो. दाता बाई असेल तर तिची संमती तिच्या स्वतःच्या मनाची आहे ना, हे जास्त काळजीनं तपासावं, असं नियमांतच आहे. डॉक्टरांनी हिला एकटीला आत बोलावलं. नको वाटत असेल तर आत्ताच सांगा, आम्ही बाहेर 'वैद्यकीय कारणानं जमत नाही' एवढंच सांगू, असं म्हणाले. हे तिनं मला रात्री भांडी घासता घासता सांगितलं. तोवर मी धरून चाललो होतो की माहेरच्यांनी तिला भरीला पाडलंय. दार उघडं होतं, कुणाला कळणारही नव्हतं, आणि ती परत आली होती. त्यानंतर माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून सांगतो, अशी एकांतातली भेट मागून घ्या. आणि भावाचं नाव विभागीय प्रत्यारोपण केंद्राच्या, मृत दात्याच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षा यादीत घालून ठेवा, म्हणजे सगळा भार तुमच्या एकटीच्या होकारावर राहणार नाही.

ऑपरेशनच्या दिवशी एक माणूस फक्त तुमच्यासाठी ठरवून ठेवा. आमच्याकडे झाडून सगळे नातेवाईक मेहुण्याच्या आयसीयूबाहेर, आणि ही वरच्या मजल्यावर एकटी. दुर्बिणीनं करताना पोटात गॅस भरतात, त्यानं टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी घाबरून नर्सला दोनदा बोलावून आणलं. शुद्धीवर आल्यावर हिचा पहिला प्रश्न, "त्याला लघवी झाली का?" झाली होती, टेबलावरच. चौथ्या दिवशी ही घरी आली. दोन महिने पाण्याची कळशी मी उचलली.

पैशांबद्दल एवढंच: महात्मा जोतिराव फुले योजनेत प्रत्यारोपणाला साडेचार लाखांपर्यंत मदत आहे, हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी बघा. ऑपरेशनपेक्षा पुढची औषधं (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणूनची) डोईजड होतात, आणि ती आयुष्यभराची.

सातव्या महिन्यात मेहुण्याचं क्रिएटिनिन चढलं. बायोप्सी झाली, स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली, उतरलं. तो संध्याकाळच्या गोळ्या चुकवत होता हे तेव्हा उघड झालं. हिनं फोनवर त्याला जे झापलं ते मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. "तुझी" म्हणाली ती, "तुझी किडनी तू सांभाळ. मी दिली ती दिली." मी इतकी वर्षं मनात 'हिची किडनी' असंच म्हणत आलो होतो.

तुमच्या यजमानांना बोलायचं असेल तर इथे संदेश पाठवायला सांगा. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो.