ग्लोबल वॉर्मिंगने शेतीवर खरंच फरक पडतो का?

हो पडतो, कोकणातला हापूसच बघा ना. मोहोर यायला डिसेंबर-जानेवारीत रात्रीची थंडी लागते, ती उशिरा आली की झाड नुसती पालवी काढत बसतं, मग मोहोर मागे, आंबा मागे आणि फळ तयार होईपर्यंत पाऊस दारात. मोहोरावर अवकाळी पडला की करपा (बुरशीचा रोग) आणि तुडतुडे (रस शोषणारे किडे) आलेच, फवारणीचा खर्च डबल. मार्चमध्ये पारा एकदम चढला की सुपारीएवढी फळं गळतात, राहिलेली उन्हाने भाजतात (साका, म्हणजे आतला गर स्पंजासारखा खराब होणं, ते वेगळंच). त्यात अरबी समुद्र तापल्यामुळे वादळांचा जोर वाढलाय, २०२० मध्ये निसर्ग, २०२१ मध्ये तौक्ते. निसर्ग वादळात रायगडला नारळ-सुपारीच्या जुन्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या, नवीन सुपारी लावली तरी उत्पन्नाला पाच-सात वर्षं थांबावं लागतं.