संध्याकाळची घालमेल आणि खोबरेल तेलाची वाटी

वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), रोज सहाच्या सुमारास ‘घरी जायचंय’ म्हणत दार बडवतात, अडवलं की हात उगारतात. गोळी वाढवण्याआधी लॅव्हेंडर, मसाज, संगीत यांतलं काही करून बघावं का, असं तुम्ही विचारलंय. मी सासूबाईंचं सहा वर्षं केलंय, त्यातून लिहिते.

हे सगळं एक-दोन दिवसांत अचानक वाढलं असेल तर तेलबिल राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, कुठेतरी दुखणं, यातलं काहीही त्यांना सांगता येत नाही, मग ते असं बाहेर पडतं. आमच्याकडे सासूबाई ताट समोर आलं की किंचाळायच्या. आम्ही दोन आठवडे त्यांच्या ‘स्वभावाला’ बोल लावला. शेवटी कवळी काढून बघितली तर खाली हिरडी सोललेली. अजून लाज वाटते.

ते नसेल तर मसाजला माझं पहिलं मत. 2019 मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या गेल्या, त्यातही स्पर्श-मसाज, आणि संगीताच्या जोडीने मसाज, हे नेहमीच्या देखभालीपेक्षा सरस ठरले होते. पण वेळ महत्त्वाची. भडका उडाल्यावर हात धरायला गेलात तर फटका बसणार. त्यांची वेळ सहाची ना? मग साडेपाचला बसा. मी घरातले दिवे आधीच लावून घ्यायचे, पडदे ओढायचे (काळ्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब बघून सासूबाईंना ‘ती बाई’ दिसायची), टीव्ही बंद. खोबरेल तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची, समोर बसायचं, मागून कधीच यायचं नाही. ‘हात द्या बघू’ म्हणून एकेक बोट, मग तळवा. घाई नाही. दहा मिनिटं पुरतात. हात मागे घेतला की थांबायचं.

सोबत गाणं. त्यांच्या तरुणपणचं हवं, तुमच्या आवडीचं नाही. सासूबाईंना मुलाचं नाव आठवत नव्हतं, पण मी जात्यावरची ओवी अर्धी म्हटली की पुढची ओळ त्या म्हणायच्या. ह्यांनी हौसेने हेडफोन आणले होते, ते ‘कानात किडा गेला’ म्हणून भिरकावले गेले. साधा स्पीकर बरा.

लॅव्हेंडरबद्दल खरं सांगायचं तर मला फरक दिसला नाही. अभ्यासांचे निकालही एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय या आजारात वास घेण्याची शक्ती बऱ्याचदा लवकर जाते, तेव्हा तो सुगंध त्यांच्यापेक्षा तुमच्यासाठीच. वापरायचंच तर दोन थेंब खोबरेलात मिसळा, पोटात मात्र जाऊ देऊ नका, बाटली कपाटात ठेवा. जिन्को (स्मरणशक्तीसाठी म्हणून विकतात तो झाडपाल्याचा अर्क), अश्वगंधा वगैरे कुणी सुचवलं तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना जिन्को घेतलं तर रक्तस्रावाची भीती असते.

गोळीबद्दलची तुमची धास्ती वेडगळ नाही. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये अँटीसायकोटिक (भास, आक्रमकपणा आवरायला देतात त्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2005 मध्येच दिलाय. पण चालू गोळी परस्पर बंद करू नका. आठवडाभर वहीत वेळ, आधी काय झालं, कशाने शांत झाले, एवढं लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आमची मात्रा त्या वहीमुळेच कमी झाली.

आणि ‘हेच घर आहे’ असं वडिलांना पटवत बसू नका. ‘कुठल्या डेपोला जायचंय?’ असं विचारा, बोलू द्या. सासूबाईंना मी कापूस द्यायचे, त्या तासभर वाती वळायच्या. तुमच्या वडिलांना वस्तू तोंडात घालायची सवय नसेल तर जुनी चामडी पिशवी आणि सुट्टे पैसे मोजायला द्या. खेळण्यातली नाणी नकोत. कंडक्टरला कळतं.