मिलवॉकी की डॅलस : आपल्या प्रश्नाच्या निमित्ताने

सप्रेम नमस्कार. अमेरिकेतील मिलवॉकी (विस्कॉन्सिन राज्य) आणि डॅलस (टेक्सास राज्य) येथील नोकऱ्यांपैकी कोणती घ्यावी आणि दोन वर्षांनी कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी कोणता भाग बरा, असे आपण विचारले आहे. व्हिसाची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळेल. एकटेपणाचे म्हणाल, तर मंडळ आहे, गणपती असतो, दिवस जातात. मी केवळ दारूविषयी लिहितो, कारण तेवढेच आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

१९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सर्व राज्यांत दारूसाठीचे वय २१ झाले, तरी विस्कॉन्सिनमध्ये आईवडील सोबत असतील तर त्याहून लहान मुलालाही बारमध्ये बिअर देता येते. हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी १९९३ ते २००१ या काळात देशभरातील कॉलेजांची चार सर्वेक्षणे केली. एका बैठकीत मुलांनी पाच, मुलींनी चार ड्रिंक घेणे, आणि तेही मागील दोन आठवड्यांत एकदा तरी, अशी त्यांची अतिमद्यपानाची कसोटी होती. तिच्यात सुमारे ४४ टक्के विद्यार्थी बसले. ईशान्येकडे आणि विस्कॉन्सिनसारख्या उत्तर-मध्य राज्यांत हे प्रमाण जास्त, दक्षिणेत व पश्चिमेत कमी होते. मात्र केवळ नकाशा पाहून ठरवू नका. घरून ये-जा करणारी मुले कमी पितात, आणि फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातील मुलांच्या सभासद-मंडळांच्या, घरात राहणारी सर्वांत जास्त. ती घरे टेक्सासमध्येही आहेत.

आमच्या मुलाला पहिल्याच सत्रात, ऑक्टोबरमधील एका शनिवारी, फुटबॉलच्या सामन्यानंतर बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेले होते, हे आम्हाला सहा आठवड्यांनी विमा कंपनीच्या कागदावरून कळले. कॉलेजात फोन केला, तर विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय बोलता येणार नाही, असे उत्तर मिळाले. मग अर्ज, मग तो चुकीचा भरला म्हणून पुन्हा अर्ज. एकवीस वर्षांखालील मुलाने दारूबाबतचा नियम मोडल्यास पालकांना कळवण्याची मुभा कॉलेजांना १९९८ पासून आहे, पण सक्ती नाही, हे मला नंतर समजले आणि ते आजही सलते.

त्याहून अधिक सलते ते वेगळेच आहे. आमच्या घरात दारू हा शब्दच कधी उच्चारला गेला नाही. आपली मुले पीत नाहीत, असे मी धरून चाललो होतो. त्यामुळे आपण कोठेही गेलात, तरी पहिल्या सत्रापूर्वी मुलाला समोर बसवून सांगा की, रात्री दोन वाजता फोन केलास तरी मी रागावणार नाही. मला तो फोन आला नाही. मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे, दर रविवारी बोलतो, आणि त्या रात्री काय झाले होते, हे मी त्याला अजूनही विचारलेले नाही.