पहिल्यांदाच हिमनदीवर जाताना बूट आणि क्रॅम्पॉन कसे निवडावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की, जूनमध्ये मनालीजवळच्या पाच हजार मीटरच्या शिखरावर पहिल्यांदाच जायचे आहे, एका मित्राकडून बारा दातांचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून बुटाखाली बसवायचे धातूचे दातेरी सांगाडे, निम्म्या किमतीत मिळत आहेत, तर ते आत्ताच घेऊन ठेवावेत आणि बूट पुढच्या महिन्यात सावकाश पाहावेत, हे चालेल का. चालणार नाही. आधी बूट आणि मग, ते बूट हातात घेऊन, क्रॅम्पॉन. हा क्रम उलटा केल्याची खूण माझ्या उजव्या पोटरीवर चार टाक्यांच्या रूपाने अजून आहे, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल.

२०१७ च्या जूनमध्ये मी आणि माझे दाजी मनालीजवळच्या सोलंगच्या बाजूने फ्रेंडशिप शिखरावर गेलो होतो. त्याची उंची ५,२८९ मीटर आहे. दाजी माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहेत, पन्हाळा ते पावनखिंड ही वाट ते भर पावसात, तीही कॅनव्हासच्या हंटर बुटांवर, पंधरा-सोळा वेळा चालले आहेत, आणि त्यामुळे आमच्या घरात डोंगराच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो. जाण्याच्या तीन महिने आधी त्यांनी मोहिमेवरून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून क्रॅम्पॉनचे दोन जोड आणि स्वतःच्या मापाचे जुने बूट एकगठ्ठा विकत घेतले. माझ्याकडे तेव्हा बूट नव्हते. मी विचारले, तर उत्तर आले, "लोखंड ते लोखंड. पट्टा आवळला की कुठल्याबी पायताणाला बसतंय."

मग मी त्यांच्याच सल्ल्याने चामड्याचे ट्रेकिंग बूट घेतले, तेही थोडे घट्ट, कारण "चामडं हाय ते, चार दिवसांत सैल हुतंय." कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, वाढलेल्या माणसाचे हे ज्ञान कोल्हापुरी चपलेपुरते अगदी खरे आहे. नवी कोल्हापुरी चावते, तिला तेल पाजले आणि आठवडाभर वागवली की ती पायाचा आकार घेते, कारण ती निव्वळ चामड्याची असते. डोंगरी बुटात मात्र चामड्याच्या आत उबेचा थर असतो, बाहेरून रबराचा पट्टा गुंडाळलेला असतो आणि तळव्यात कमी-अधिक ताठ पट्टी असते. तो बूट सैल होत नाही. तुमचा अंगठाच काळा पडतो. माझे दोन्ही अंगठे काळे पडले आणि पुढे नखे गेली, पण तो या गोष्टीतील किरकोळ भाग आहे.

मुख्य भाग असा. दाजींनी आणलेले क्रॅम्पॉन पुढे प्लॅस्टिकची वाटी आणि मागे टाचेवर चढणारी लिव्हर अशा रचनेचे होते. ती लिव्हर अडकण्यासाठी बुटाच्या टाचेमागे, तळव्याच्या किंचित वर, एक ठळक खाच असावी लागते. दाजींच्या बुटांना ती होती. माझ्या बुटांना नव्हती, त्यामुळे लिव्हर नुसती रबराच्या कडेवर टेकली होती. आदल्या दिवशीच्या सरावात आमच्या वाटाड्याने ते पाहून मान हलवली आणि पातळ दोरीने दोन वेढे देऊन टाच बांधून दिली. सपाट बर्फावर ते टिकले. शिखराच्या दिवशी पहाटे बर्फ कडक होता, तेव्हाही टिकले. परतताना मात्र अकराच्या सुमारास बर्फ भुसभुशीत झाला, उतार पस्तीस-चाळीस अंशांचा होता, आणि प्रत्येक पावलाला माझ्या बुटाचा मऊ तळवा वाकत होता, तर त्याखालची क्रॅम्पॉनची पोलादी पट्टी तितकी वाकत नव्हती. या ओढाताणीत लिव्हर केव्हा निसटली ते मला कळलेच नाही. उजवा क्रॅम्पॉन घोट्याच्या पट्ट्याला लोंबकळू लागला, पुढच्या पावलाला डावा पाय त्यावर पडला, आणि मी सात-आठ मीटर घसरत गेलो. दोराच्या दुसऱ्या टोकाला दाजीच होते. त्यांनी आईस ॲक्स रोवून मला थांबवले, हे मी कोणाहीसमोर मान्य करतो. पण ज्याने वाचवले त्याच्याशी वाद घालता येत नाही, असा आमच्या घरात जो नियम झाला आहे, तो मला मान्य नाही.

आता तुमच्या कामाचे. बुटांचे बी-० ते बी-३ आणि क्रॅम्पॉनचे सी-१ ते सी-३ असे प्रकार मानले जातात. बी-० म्हणजे आपले नेहमीचे वाकणारे ट्रेकिंग बूट. त्यांना क्रॅम्पॉन लावूच नयेत. बी-१ ला फक्त पट्ट्यांचे सी-१ चालतात. बी-२ ला टाचेमागे खाच असते, म्हणून त्याला सी-१ आणि लिव्हरवाले सी-२ दोन्ही बसतात. बी-३ पूर्ण ताठ, पुढे-मागे दोन्हीकडे खाच असलेला, त्याला सगळेच बसतात. पुढे तारेची कडी असलेले सी-३ मात्र फक्त त्यालाच. तुमच्या शिखरासाठी उबेचा थर असलेले बी-२ बूट आणि बारा दातांचे पोलादी सी-२ क्रॅम्पॉन, याखेरीज दुसरा विचार करू नका. ॲल्युमिनियमचे क्रॅम्पॉन हलके म्हणून कोणी गळ्यात मारेल, पण आपल्याकडे हिमनदीवर पोहोचेपर्यंत आणि मधेमधेही दगडगोट्यांचे मोरेन तुडवावे लागते, आणि त्यावर ॲल्युमिनियमचे दात झिजतात. क्रॅम्पॉनखाली अँटी-बॉल प्लेट, म्हणजे बर्फाचा गोळा धरू न देणारी पट्टी, हवीच. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जुलैमध्ये बुटाखाली चिखलाचा गोळा धरतो आणि पाय उचलवत नाही, तसाच दुपारच्या बर्फाचा गोळा दातांमध्ये धरतो, आणि मग दात असून नसल्यासारखे होतात.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोहिमेत वापरणार तोच एक जाड मोजा घालून पाहावेत. उतारावर उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकता कामा नयेत आणि चढताना टाच उचलली जाता कामा नये. दोन जाड मोजे कोंबून रक्त अडवण्यापेक्षा पातळ मोजा बरा, कारण थंडीत बोटे गमावण्याची सुरुवात घट्ट बुटापासूनही होते. कंपन्यांच्या नावांच्या वादात मी पडणार नाही. एवढेच सांगतो की अनेक युरोपीय बुटांचे साचे अरुंद असतात आणि लहानपणापासून चपला वापरलेल्या आपल्या पायांचा पंजा पसरट असतो, म्हणून दुसऱ्याच्या शिफारशीवर घरबसल्या मागवू नका. बूट पन्हाळ्याच्या चढणीवर तीन-चार वेळा घालून पाहा. पाय शिजून निघतील, लोक विचारतील, त्याला इलाज नाही.

क्रॅम्पॉन केवळ लोखंड नाहीत, हे त्यांच्या जन्मकथेतही दिसते. १९०८ च्या सुमारास ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज अभियंत्याने दहा दातांची आधुनिक रचना आखली, इटलीतील कूर्मायूर गावच्या हेन्री ग्रिवेल या लोहाराने ती घडवली, आणि १९२९ मध्ये त्याचा मुलगा लोराँ याने पुढचे दोन दात वाढवून ते बारा केले. म्हणजे सुरुवातीपासून मापाचा विचार करणारा एक आणि घडवणारा एक अशी जोडी लागली. आमच्याकडे फक्त पट्टा आवळणारे होते.

या पट्ट्यावरूनच दर दिवाळीला वाद होतो. दाजी म्हणतात, पट्टा सैल होता. प्रामाणिकपणे सांगायचे तर तो सकाळपेक्षा थोडा सैल झाला होता, आणि मी तो वाटेत तपासला नव्हता. तुम्ही दर विश्रांतीला तपासा. पण याच कारणासाठी घरी करायची एक परीक्षा आहे: क्रॅम्पॉन बुटाला लावा, लिव्हर बंद करा, पट्टा मात्र मोकळा सोडा, बूट उचला आणि जोराने हलवा. क्रॅम्पॉन जागचा हलला नाही तरच ती जोडी जमली. पट्टा असतो तो जास्तीच्या खबरदारीसाठी. बुटाची उणीव त्याने भरून निघत नाही. २०१८ च्या दिवाळीत मी ही परीक्षा दाजींच्याच ओट्यावर करून दाखवली. त्यांच्या बुटाला क्रॅम्पॉन घट्ट राहिला, माझ्या बुटावरून तो फरशीवर पडला. दाजी म्हणाले, "तू हिसका जास्त दिलास."

काही गोष्टी राहिल्या. पहिलीच मोहीम असेल तर विकत न घेता बूट आणि क्रॅम्पॉन मनालीत भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे आहे, मात्र एक दिवस आधी पोहोचून वरील परीक्षा दुकानातच करा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट यांचा २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम करणार असाल, तर हे साहित्य तिथे मिळते. सहा हजार मीटरच्या वर जायचे असेल तर दुहेरी बूट, म्हणजे आत वेगळा उबदार बूट असलेले, लागतात आणि वरचा सल्ला अपुरा आहे. उलट, एखाद्या ट्रेकमध्ये सपाट हिमनदी तासाभरात ओलांडायची एवढेच असेल, तर बी-१ आणि सी-१ पुरतात.

मित्राचे क्रॅम्पॉन चांगलेही असू शकतील. माझे तरी चांगलेच होते. पुढच्याच वर्षी मी खाच असलेले बूट घेतले आणि तेच क्रॅम्पॉन त्यांना पहिल्या झटक्यात बसले. हे मी दाजींना अजून सांगितलेले नाही.